बाळ बरं आहे

कुवेतमध्ये मी सतरा वर्षं लॅब टेक्निशियन होते. त्यातली चार वर्षं मी फोनवर एकच प्रश्न विचारत होते, बाळ कसं आहे?

आमचं क्लिनिक मूल न होणाऱ्यांसाठी होतं. काही बायकांना मुलं व्हायची, पण टिकायची नाहीत. पेशीला शक्ती पुरवणारा जो भाग प्रत्येकाला आईकडूनच मिळतो, तो त्यांच्या बीजांडात बिघडलेला असायचा. त्यावर तेव्हा एक नवा उपाय निघाला होता, दुसऱ्या निरोगी बाईच्या बीजांडातला थोडा द्रव या बाईच्या बीजांडात सोडायचा. परक्या बाईचं बीज वापरायला कुवेतमध्ये मनाई, म्हणून आमचे डॉक्टर जोडप्यांना बाहेरच्या देशात पाठवत. मूल पुढे कसं वाढतंय याची नोंद मात्र आमच्याकडे, म्हणजे माझ्याकडे. तीन, सहा आणि बारा महिन्यांनी फोन करायचा आणि छापील कागदावर नॉर्मल किंवा ॲबनॉर्मल यातल्या एकावर खूण करून खाली सही ठोकायची. उपाय सुरक्षित आहे की नाही ते तपासणं, असं त्याला मोठं नाव होतं.

अरबी बायका म्हणायच्या, अल्हम्दुलिल्ला. आपल्याकडच्या म्हणायच्या, बरं आहे. मी नॉर्मलवर खूण करून पुढचा नंबर फिरवायची. आणि मला कळायला नको होतं का? दर शुक्रवारी मी स्वतः सांगलीला आईला फोनवर "सगळं मजेत" म्हणायची, घरात नवरा नि मुलगी दोघं तापाने फणफणलेली असली तरी.

कुवेतच्याच फरवानिया भागात एक मालवणकडची बाई राहायची, नवरा मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत फोरमन. मराठी मंडळात ओळख झालेली. तिची दोन मुलं याच आजाराने वर्षाच्या आत गेली होती. तिसऱ्यासाठी आमच्या डॉक्टरांनी हा उपाय सुचवला, तेव्हा तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, डॉक्टर काय, सांगणारच. तुम्ही सांगा, पोराला धोका नाही ना?"

मला माहीत नव्हतं. एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण मला शहाणपणा पाजळायचा होता. मी तिला फाईल काढून दाखवली. "बघ, एकाही पानावर दुसरी खूण नाही." तिने प्रत्येक पानावर बोट ठेवून पाहिलं, घाई केली नाही. मग म्हणाली, "तुमची सही आहे म्हणजे झालं."

मुलगी झाली. तीन महिन्यांनी मी फोन केला. "बरं आहे." सहा महिन्यांनी केला. "बरं आहे, ताई." मी दोन्ही खुणा केल्या. दुसऱ्यांदा तर तिथल्या तिथे पेढे मागितले.

पुढे तीन महिन्यांनी फरवानियाच्या बस स्टॉपवर ती मला दिसली. मुलगी खांद्यावर. मी हौसेने घ्यायला गेले तर नऊ महिन्यांच्या पोरीची मान माझ्या हातावर कलंडली. नजर कुठेच ठरत नव्हती. मला रागच आला, आणि तो मी तिच्यावर काढला. "अगं, मग फोनवर बरं आहे का म्हणालीस?"

तिने मुलीला परत घेतलं. "दोन गेल्यावर तिसरीबद्दल माझ्या तोंडाने वाईट कसं बोलू? आणि ताई, त्या फायलीतल्या बाकीच्या बायांनी तरी तुम्हाला काय सांगितलं असेल?"

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना पुन्हा फोन लावले. या वेळी नीट विचारलं, मान धरली का, बसतं का, झटके येतात का. बरीच मुलं खरोखर चांगली होती, उगाच का खोटं बोलू. दोघींनी फोन ठेवून दिला. एक म्हणाली, आता कशाला विचारताय. दुपारी डॉक्टरांनी बोलावून सांगितलं, तुम्ही पेशंटना घाबरवता. फोनचं काम रिसेप्शनवरच्या मुलीकडे गेलं.

चौदाव्या महिन्यात ती मुलगी गेली. आठवड्याने तिचा बाप क्लिनिकमध्ये आला. भांडेल असं वाटलं होतं, मला ते चाललं असतं. तो फक्त म्हणाला, "ताई, आता तरी कागदावर लिवन ठेवा. दुसऱ्या कोणाक तरी कळात."

मी तिचा कागद काढला. बाराव्या महिन्यासमोर रिसेप्शनच्या मुलीने नॉर्मलवर खूण केलेली होती आणि त्यापुढे रकानाच नव्हता. मी समासात "मुलगी गेली" असं लिहिलं, तारीख टाकली, त्याला वाचून दाखवलं. त्याने मान हलवली आणि ड्यूटीची बस गाठायला निघून गेला.

डॉक्टर ओरडले वगैरे नाहीत. नोंद बारा महिन्यांची असते, समासात काही लिहायचं नसतं, एवढंच म्हणाले. त्यांनी समासातली ओळ वगळून कागद नव्याने टाइप करून घेतला आणि माझ्यापुढे ठेवला, कारण आधीच्या खुणा माझ्या होत्या. माझा व्हिसा क्लिनिकचा होता, माझी मुलगी दहावीला होती. ही कारणं मी आजवर पुष्कळांना सांगितली आहेत आणि कोणीही मला दोष दिलेला नाही. मी सही केली. तो कागद पुढच्या जोडप्याला दाखवायच्या फायलीत लागला.