पूर्ण्याला सांडलेलं गाणं

नाशिकहून सकाळची एसटी पकडली तेव्हा माझ्या सॅकमध्ये एक लॅपटॉप, दोन केळी आणि मणभर आत्मविश्वास होता. केळी इगतपुरीपर्यंतच संपली. आत्मविश्वास भिवंडीपर्यंत टिकला.

काम सोपं होतं. भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या वाचनालयाने धवले (आगरी लग्नात गायची गाणी) रेकॉर्ड करून डिजिटल संग्रहात ठेवले होते. तो संग्रह चालवणारं सॉफ्टवेअर मीच घरबसल्या, कंटेनरच्या पद्धतीने बसवून दिलं होतं. कंटेनर म्हणजे सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारा सगळा लवाजमा एका डब्यात बंद. नवी आवृत्ती आली की जुना डबा फेकायचा, नवा मांडायचा. गाणी-बिणी तेवढी डब्याबाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवायची, म्हणजे डबा गेला तरी ती राहतात. आता नवा डबा मांडायचा होता आणि तिथलं इंटरनेट वरचेवर रुसतं, म्हणून जातीने निघालो.

वडप्याला हायवेवर उतरलो. दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं. मधे एखादं शेत दिसलंच, तर त्यात 'गोदाम भाड्याने देणे आहे' अशी पाटी उगवलेली. शेअर रिक्षात चौथा म्हणून ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर लटकत धामणकर नाक्याला पोचलो. गल्ल्यांतून यंत्रमागांची खटखट येत होती आणि तिच्यावर हॉर्न मात करत होते. दुसऱ्या रिक्षावाल्याला मी पाहुण्याच्या खास हिंदीत विचारलं, "पूर्णा जायेंगे क्या?"

"मराठीत बोला ना सायेब. मी पूर्ण्याचाच हाय."

भाडं मी मराठीतच विचारलं.

वाचनालय दोन गोदामांच्या मधे, दोन खोल्यांचं. ते सांभाळणारे काशिनाथदादा साठीचे. उभी हयात त्यांनी लूमवर जॉबर (माग दुरुस्त करणारा मिस्त्री) म्हणून काढली. संगणकालाही ते मशीनच म्हणतात आणि त्याच्याकडे तसंच, कान देऊन बघतात. शेजारी खुर्चीत चांगुणाबाय बसल्या होत्या. त्या गावातल्या शेवटच्या धवलारीण, म्हणजे लग्नाचे सगळे धवले तोंडपाठ असलेल्या. संग्रहातली सगळी गाणी त्यांचीच, दमा बळावण्याआधी गायलेली. आता दोन कडवी झाली की धाप लागते.

आधी जेवण. तांदळाची भाकरी आणि सुकट. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"पानी पी, पावन्या," बाय म्हणाल्या. "आमचा मसाला हाय, वलख न्हाय तुझी त्याच्याशी."

जेवणानंतर मला रंग चढला. बायंना म्हटलं, "एक गाणं गा, तुमच्यासमोर संग्रहात टाकून दाखवतो." त्यांनी थांबत थांबत हळदीचं गाणं म्हटलं. मी ते थेट संगणकावर घेतलं, संग्रहात चढवलं आणि मूळ फाइल ऐटीत पुसून टाकली. संग्रहात आहे म्हटल्यावर कशाला हवी?

मग जुना डबा फेकायला बसलो, तर काशिनाथदादांनी हात धरला. "आदी माल उतरवा."

"कसला माल?"

"लूम खोलायचा तर आदी तागा कापून खाली घ्यायचा. मंगच पाना लावायचा. जॉबर कितीबी उस्ताद असू दे."

मी हसलो. "दादा, हा लूम नाही. गाणी डब्याबाहेर असतात. डबा फेका, जाळा, गाण्यांना धक्का लागत नाही."

फेकला. नवा मांडला. पडद्यावर यादी आली, सगळी नावं जागच्या जागी. दुपारच्या गाण्यावर क्लिक केलं: फाइल सापडली नाही. दुसरं. तिसरं. नावं सगळी होती, आवाज एकही नव्हता. यादीचं फोल्डर मी डब्याबाहेर ठेवलं होतं. गाण्यांचं ठेवायला विसरलो होतो, आणि ते डब्याबरोबर गेलं होतं.

बायंच्या खुर्चीकडे बघायची हिंमत होईना. ज्या दमात ती गाणी गायली होती, तो दम आता मी कुठून आणणार होतो? शेवटी सांगून टाकलं, "दादा, गाणी गेली. माझीच चूक आहे."

काशिनाथदादा उठले. कपाटातून त्यांनी एक पेनड्राइव्ह काढला. मी येणार म्हटल्यावर संग्रहातलं एकेक गाणं दाबून त्यांनी उतरवून घेतलं होतं. दोन दिवस लागले होते.

"माल उतरवून ठेवला व्हता," ते म्हणाले. "फक्त आजचं न्हाय. ते तुम्ही मशीनवर ठेवलंत."

मी त्यांच्या पाया पडणार होतो, पण मधे टेबल होतं. गाण्यांचं फोल्डर आधी डब्याबाहेर काढलं, मग गाणी भरली. राहिलं ते दुपारचं. पुन्हा गा, असं कोणत्या तोंडाने म्हणणार? बायंनीच पदर खोचला. "घे, येकदाच."

हळदीचं गाणं झालं आणि धाप आवरून त्यांनी न थांबता पुढे जोडलं:

"नाशिकचा पावना आला गो, डबं घासाया बसला गो,
घासता घासता गानं सांडलं, कपाल धरून बसला गो!"

काशिनाथदादा हसून हसून खोकले. मग डोळे पुसत म्हणाले, "आता फेका डबा. बगू द्या."

या वेळी आधी मी माल उतरवला. डबा फेकला, नवा मांडला, गाणं लावलं. पहिल्या ओळीपासून कपाळ धरण्यापर्यंत सगळं जसंच्या तसं वाजलं.

परतीच्या एसटीत कसाऱ्याचा घाट चढताना मोबाइलवर संग्रह उघडला. 'नाशिक' असं शोधलं, तर पहिलं तेच; दादांनी त्याला 'नाशिकचा पावना' असंच नाव दिलं होतं. त्यानंतर मी बऱ्याच ठिकाणी बरेच डबे बदलले, दरवेळी आधी माल उतरवून. पूर्ण्याच्या संग्रहातलं काहीही पुसायचा अधिकार अजून माझ्याकडे आहे. चांगुणाबाय आता गात नाहीत. ते गाणं त्यांचं शेवटचं निघालं, आणि त्यात कपाळ धरून मी बसलोय. बसू दे.