प्रॉसरमास्तरच्या चांगुलपणाची पत्रं

डोंगरावरनं धुकं खाली उतरलं होतं आणि बारीक भुरभुर चालू होती. मेनिरनं पिवळा कोट चढवला, शाळेपुढच्या रस्त्यात 'थांबा'च्या पाटीची दांडी आडवी धरली आणि पोरं पलीकडं घातली. अकरा वर्षांत एका पोराला खरचटू दिलं नव्हतं तिनं. मग ती कार्डिफच्या गाडीला धावली. आज वरच्या कोर्टात निकाल होता.

बेचाळीस वर्षांमागं गावच्या बँडचा प्रॉसरमास्तर तिला कॉर्नेट वाजवायला शिकवायचा. ती बारा वर्षांची होती. त्यानं तिच्याशी काय केलं ते तिनं गेल्या साली पोलिसांना सांगितलं. गुन्हा शाबीत झाला, पण शिक्षा तीनच वर्षं. कारण गावच्या चॅपलात प्रार्थनेला जाणाऱ्या एकोणीस जणांनी तो देवमाणूस आहे म्हणून कोर्टाला पत्रं दिली होती. शिक्षा फार कमी वाटली तर सरकारच्या बड्या वकिलाकडं अठ्ठावीस दिवसांत दाद मागता येते असं कळल्यावर मेनिरनं सव्विसाव्या दिवशी स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला. वकिलानं तो वरच्या कोर्टात नेला. शेजारची नेस्टा कुंपणावरून म्हणाली होती, "चाळीस वर्षं गप्प होतीस ना गं? म्हातारा मरेपर्यंत कळ काढायची होतीस."

वरच्या कोर्टात तिला बोलायचं नव्हतं, नुसतं ऐकायचं. तिघं न्यायाधीश. थोरले म्हणाले, आम्ही असतो तर जास्त दिली असती, एवढ्यावर शिक्षा बदलत नाही. फारच तोकडी असेल तरच हात घालतो. गुन्हा जुना असला तरी मोजायचा आजच्या काट्यावर, फक्त तेव्हाच्या कायद्याची कमाल मर्यादा ओलांडायची नाही. मग त्यांनी एका पत्रातली ओळ वाचली: मास्तर मुलींना एकेकटं घरी बोलावून शिकवायचे, आईबाप डोळे झाकून पाठवायचे.

"हा त्याचा चांगुलपणा नव्हे," ते म्हणाले. "गुन्ह्याची वाट हीच होती."

तिनाची सात वर्षं झाली. परतीच्या गाडीत मेनिर खिडकीशी ताठ बसून होती. अर्ज आपण लिहिला होता, आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात.

संध्याकाळी नेस्टा फाटकाशी आली. पडलेला चेहरा.

"बातमीत आलीय ती ओळ माझ्या पत्रातली आहे."

"ओळखली मी."

"आमची धाकटी लेक पण जायची गं त्याच्याकडं."

"मग तिला जाऊन विचार. बोलली तर मधे तोंड घालू नकोस, ऐक. अर्जबिर्ज लिहायचा झाला तर मी आहे."

नेस्टानं मान हलवली, पण जागची हलेना.

"आता सरक जरा," मेनिर म्हणाली, आणि रिकाम्या बाटल्यांची पेटी उचलून उद्याच्या कचरागाडीसाठी फाटकाबाहेर ठेवायला लागली.