डॉक्टरची बदली

चौदा एप्रिलच्या आधी घर झाडायचं असतं, म्हणून आम्ही पंखा पुसला. म्हणजे मी स्टुलावर चढून पुसला आणि बायकोनं स्टूल धरलं. तेही एका हातानं, दुसऱ्या हातात कादंबरी. मी वरून म्हणालो, अगं, पडलो तर? ती वर न बघता म्हणाली, "थांबा हो, एवढं पान होऊ दे." मी उतरलो, पंखा लावला, तर वाऱ्यानं तिचं पान उलटलं. तेव्हा कुठं तिनं माझ्याकडं बघितलं, ते पण रागानं. मग पानाचा कोपरा दुमडून पुस्तक फ्रिजवर ठेवलं आणि भात लावायला गेली. दुसऱ्या दिवशी छातीत कसंतरी होतंय म्हणून खुर्चीत बसली, ती बसलीच. रिक्षा दारात आली तेव्हा न्यायला काही राहिलं नव्हतं.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, आणि मुलुंडच्या दोन खोल्यांत मी आणि फ्रिजवरचं पुस्तक उरलो.

माझं शिक्षण चौथी. जन्मभर आरे कॉलनीतून दुधाची गाडी चालवली, जग झोपलेलं असताना. म्हणून दुपारी झोपायचं, ती सवय रिटायर झाल्यावरही सुटली नाही. मी आडवा झालो की ती पुस्तक घ्यायची. आता मला बघायचं होतं की माझ्या बायकोनं इतक्या दुपारी कुणाबरोबर काढल्या.

वाचनालयात गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, काकूंच्या नावावर एक पुस्तक बाकी आहे. मी म्हणालो, सापडत नाही, शोधतो. तोवर तिनं वाचलेली द्या, नवीन नकोत. बाईंनी कपाटातून काढून दिली आणि काकू किती हसवायच्या ते सांगायला लागल्या. मी म्हटलं, पिशवी आहे का? म्हणजे इथं येऊन ती या बाईंना हसवत होती.

पहिल्या कादंबरीत एक प्राध्यापक. उंच, हळू बोलणारा. खिडकीशी उभा राहतो आणि त्याला उदास वाटतं. चहा येतो, गार होतो, दुसरा येतो. कोण करतं ते लिहिलेलं नाही. शेवटपर्यंत त्या माणसानं कधी गॅसचा सिलेंडर उचलला नाही की पाण्याची बादली भरली नाही. असल्या माणसाबरोबर माझी बायको दुपारच्या दुपार बसली होती. मी बोट ठेवून, ओठ हलवत वाचत होतो आणि प्रत्येक पानाला वाटत होतं, जाऊन ढकलावा त्याला खिडकीतून. एका ठिकाणी तो नायिकेला विचारतो, आज दिवसभर काय केलंस? तिथं मी पुस्तक मिटलं. असलं विचारायला माणूस रिकामा पाहिजे.

दुसरी कादंबरी एका विधवेची. भावाच्या घरी राबते आणि शेवटी तापानं मरते. मला रागच आला. बाई धडधाकट, हाताला चव, तिला मारायचं कारण काय? लेखकाला पुढचं सुचलं नसेल, दुसरं काय.

हे मी मेहुणीला सांगितलं. बायकोची ही धाकटी बहीण भांडुपला असते. साखरेनं तिची नजर गेली, समोरचं माणूससुद्धा तिला आवाजावरून ओळखावं लागतं. बायको होती तेव्हा मी झोपलो की दोघींचा फोन चालायचा. बायको गॅलरीत उभी राहून हळू आवाजात बोलायची. मला वाटायचं, आमच्या घरच्यांची उणीदुणी काढतायत. आता त्याच वेळेला मेहुणी मला फोन करायची, जेवलात का विचारायला. जेवलो म्हटल्यावर पुढं बोलायला काही नसायचं. म्हणून कादंबरी सांगितली.

"मेली?" ती म्हणाली. "दाजी, काहीतरीच काय. तिनं नाशकात खानावळ काढली की. शेवटी तो भाऊच येतो तिच्याकडं जेवायला."

मी म्हटलं, पुस्तक माझ्या हातात आहे. शेवटचं पान वाचून दाखवलं, अडखळत. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हसायलाच लागली.

"म्हणजे आक्कानं फसवलं मला."

मग एकेक बाहेर आलं. गॅलरीतली कुजबुज म्हणजे कादंबरी होती. रोज थोडी थोडी सांगायची. जी पटली नाही ती फिरवून सांगायची. त्या प्राध्यापकाला तर तिनं शेवटी भांडी घासायला लावली होती, आणि मेहुणी म्हणाली, तो घासायचा पण चांगली. हे सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. माझ्या वाट्याला काय आलं? भात वाढू का, गोळी घेतली का, पंखा बारीक करू का. आणि हिच्यासाठी अख्ख्या कादंबऱ्या शिजवल्या. हिच्याकडं माझ्या बायकोच्या तोंडच्या, माझ्याकडं वाचनालयातल्या कच्च्या.

शेवटी ती म्हणाली, "एक अर्धीच राहिली हो. मास्तरीणबाई आणि डॉक्टरची. पुढं काय होतं, बघा ना."

मी म्हटलं, ते पुस्तक मिळत नाही.

खरं म्हणजे ते माझं वाचून झालं होतं, एकदा नाही, दोनदा. पण रोज ती विचारायची आणि रोज मी म्हणायचो, शोधतोय. तिच्याकडं नाही असं काहीतरी माझ्याकडं होतं. ते मी सोडणार नव्हतो.

एक दिवस ती शांतपणे म्हणाली, "दाजी, फ्रिजवर बघितलं का? आक्का तिथंच ठेवायची."

मी म्हटलं, सांगतो, पण आधी तू सांग. तिनं जशी सांगितली तशी, पहिल्यापासून.

तिनं सांगितली. ती दुपार मी झोपलो नाही. एक बाई नोकरीसाठी डोंगरातल्या गावात शाळा शिकवायला जाते. तिथं एक डॉक्टर आहे, बायको वारलेली. तो हिला पुस्तकं आणून देतो, पावसात छत्री धरतो. इथवर पुस्तकातल्यासारखंच होतं. बोलताना मेहुणी मध्येच थांबायची तीसुद्धा बहिणीसारखी, म्हणून मी मध्ये बोलत नव्हतो. पण राहवेना. विचारलं, आणि तिचा नवरा?

"तो तर दुसऱ्याच दिवशी गेला. साप चावून."

पुस्तकात नवरा जिवंत आहे. तालुक्याला कारकून आहे, बोलत नाही, जेवण वेळेवर लागतं. आणि अगदी शेवटच्या पानावर तो तिची विसरलेली शाल घेऊन एसटीनं त्या गावात येतो. शाल तिच्या हातात देतो, नुसता उभा राहतो. ती त्याच्याबरोबर घरी जाते. त्या एका पानासाठी मी ती कादंबरी दोनदा वाचली होती.

"का मारला त्याला?" मी विचारलं.

"आक्का म्हणाली, जेवतो आणि झोपतो. गोष्टीत त्याचा उपयोग काय?"

मी म्हणालो, गॅसवर दूध आहे, आणि फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं.

संध्याकाळी उभ्या उभ्या जेवलो. पुस्तकातला शेवट आता सांगता येत नव्हता, शाल घेऊन येणाराच साप चावून गेला होता. ती असती तर तिनं काय केलं असतं, ते मला स्वच्छ दिसत होतं. भावाला खानावळीत जेवायला बसवणारी बाई. डॉक्टर छत्री घेऊन उभाच होता. तिनं लग्न लावलं असतं, दणक्यात. साप बिनविषारी होता असं सांगून नवरा उठवावा, असंही एकदा डोक्यात आलं. पण मेलेलं माणूस परत येत नाही, हे आता मला कुणी शिकवायला नको. त्याला मेलेलाच ठेवला. डॉक्टरचं मात्र बघून घेणार होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुपारची वाट न बघता, मीच मेहुणीला फोन लावला. चहा झाला का विचारलं. नाही म्हणाली.

"मग ऐक. डॉक्टरची बदली झाली. गडचिरोलीला."

ती म्हणाली, "दाजी, हे पुस्तकात आहे?"

"आहे."

"आक्कानं लग्न लावलं असतं."

"लावलं असतं. ती नाही आता. मी सांगतोय."

पलीकडं कुणाचा तरी मिक्सर चालू झाला आणि बंद झाला.

"बरं," ती म्हणाली. "मग ती एकटीच राहिली का त्या गावात?"

पुढचं काही मी ठरवलेलं नव्हतं.

"एकटी कशाला? तिची धाकटी बहीण आली की राहायला. बॅग घेऊन. उतरल्या उतरल्या कटकट सुरू."

"कसली कटकट?" तिनं विचारलं, आणि मी खुर्ची ओढून सांगायला बसलो.