पेल्याच्या बुडाचा लाल ठिपका

तुमच्या घरात कुणाचा पेला वेगळा ठेवला आहे का?

माझ्या आत्याकडे होता. ओट्यावर पालथ्या घातलेल्या पेल्यांपैकी एकाच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिसला. "तो आईंचा," आत्याची सून हळूच म्हणाली. "टीबी आहे ना त्यांना."

आत्या मोरीत घसरून पडली होती. मोडलेल्या मणक्यात डॉक्टरांनी हाडांसाठीचं सिमेंट भरलं आणि दुखणं थांबलं. काही महिन्यांनी ते संध्याकाळच्या तापासह परत आलं. सगळे वयाला दोष देत राहिले. अखेर त्याच मणक्यात टीबी निघाला. छाती स्वच्छ होती, फुप्फुसात टीबी नव्हता. पेल्यातून हा आजार पसरत नाही, हे डॉक्टरांनी सुनेसमोरच सांगितलं होतं. पण भीती समजावून सांगून ऐकत नाही; तिला कुणीतरी करून दाखवावं लागतं.

आत्या गोळ्या नेमाने घेत होती. मात्र चहाला सगळ्यांत बसणं तिने सोडलं होतं. त्या दिवशी पाठीला पट्टा बांधून ती ताठ उभी राहिली, नेलपॉलिशची बाटली मागून घेतली आणि प्रत्येक पेल्याला ठिपका लावला.

"आता शोध बाई, माझा कुठला."

सून ओशाळली. मग हसली, हाताला आला तो पेला भरून पाणी प्यायली आणि आत्यासाठी खुर्ची सरकवली.

औषध मणक्याला बरं करेल, याची मला खात्री आहे. घरातली जागा मात्र आपणच परत द्यायची असते. आज तुमच्याकडचे पेले उलटे करून पाहा. ठिपका सापडलाच, तर त्याच पेल्यातून पाणी प्या, आणि त्या माणसासमोर प्या.