जुनाच गव्हर्नर

मंदीत आमची शारजातली कंपनी बंद पडली. पगार थांबला, पण माझा पासपोर्ट मालकाच्या कपाटातच राहिला. ना भारतात घरी जाता येई, ना दुसरी नोकरी धरता येई. मी रोज रिकाम्या ऑफिसात जाऊन बसे.

तेव्हा मुलीला तिथल्याच शाळेत एका अमेरिकन राज्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या निवडणुकीवर प्रोजेक्ट होता. मतांची बेरीज मी तपासून दिली. जिंकायला निम्म्याहून जास्त मतं लागत; तेवढी कुणालाच नव्हती, त्यामुळे नवा गव्हर्नर ठरेना आणि जुनाच खुर्चीत राहिला.

"अगदी तुमच्यासारखा," बायको हसली.

"बाबा, व्हाय डिडन्ट ही जस्ट गो होम?" मुलीने विचारलं.

"रोज संध्याकाळी जात असेल की. त्याचं घर तिथंच होतं."

बायको हसायची थांबली. सकाळी मी पुन्हा पासपोर्ट मागितला. मालक म्हणाला, "इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात."