सुट्टीपुरती आई

चेतन गजभियेचं प्रगतीपुस्तक मी चार वर्षं पाहिलं आहे. त्यात वर्गशिक्षकाच्या सहीच्या ओळीवर आणि पालकाच्या सहीच्या ओळीवर एकच अक्षर आहे. त्याची आई ललिता आधी वर्गात बसून पहिली सही करायची, मग ते चेतनच्या दप्तरातून घरी पाठवायची, घरी त्याच्याकडून मागून घेऊन दुसरी सही करायची आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच्याकडून जमा करून घ्यायची. "अगं, एका बैठकीत दोन्ही करून टाक की," असं मी एकदा म्हटलं. ती म्हणाली, "दामलेबाई, बाकीच्यांची घरी जातात ना, मग त्याचंही जायला पाहिजे." असल्या माणसाशी वाद घालायचा नसतो. मी घातला नाही.

ललिता मूळची भंडाऱ्याकडची. सुखदेवशी लग्न होऊन पुण्यात आली आणि विश्रांतवाडीच्या आमच्या शाळेत, म्हणजे महापालिकेच्या, चौथीपर्यंतच्या आणि गळक्या नळाच्या शाळेत रुजू झाली. सुखदेव खराडीला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायच्या कामावर. चेतन दुसरीत असताना कंपनीने सुखदेवला अमेरिकेत पाठवलं, सहा महिन्यांसाठी. ते सहा महिने अजून चालू आहेत. आयटीतल्या लोकांचं कॅलेंडर वेगळं असतं असं मी ऐकून आहे.

मुलगा पहिलीत जायचा झाला तेव्हा ललिताने त्याला आपल्याच शाळेत घातलं. आम्हा बाकीच्यांची मुलं कुठे शिकली ते विचारू नका. ती म्हणायची, "मी दारोदार हिंडून लोकांना सांगते की मुलं आमच्या शाळेत घाला. मग माझा मुलगा कुठे घालू?" शाळेत पहिलीची तुकडी एकच, आणि पहिलीला जी बाई मिळते तीच वर्गाला चौथीपर्यंत वर नेते. तेव्हा चेतनला चार वर्षं आईच बाई म्हणून मिळणार हे ठरलेलंच होतं.

पहिल्याच दिवशी चेतन प्रार्थनेच्या रांगेतून सुटला आणि धावत जाऊन तिच्या साडीला बिलगला. गेटाबाहेर पालक उभे होते. त्यातली एक बाई दुसरीला म्हणाली, "बाईंचंच पोरगं हाय वर्गात. पहिला नंबर कुनाचा येनार ते आत्ताच कळलं." ललिताने ते ऐकलं. तिने चेतनला बाजूला घेतलं, त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि सांगितलं की गेटाच्या आत मी बाई, गेटाच्या बाहेर आई. गेटाच्या आत मी तुझी आई आहे असं कुणालाही सांगायचं नाही. कुणी विचारलं तरी नाही.

सगळ्या वस्तीला माहीत असलेली गोष्ट सहा वर्षांच्या पोराने लपवायची होती. पण त्याने ती इमानेइतबारे लपवली. पहिले काही आठवडे चुकायचा, 'आ' म्हणून थांबायचा आणि मग 'बाई' म्हणायचा. नंतर चुकेनासा झाला. पण मुलाला गेट कुठे संपतं ते नीट समजलं नाही. शाळेत जाताना रस्त्यावर वर्गातली मुलं भेटायची, म्हणून रस्ताही गेटाच्या आत आला. मुलं त्यांच्याच गल्लीत राहायची, म्हणून गल्ली आत आली. मग जिना. तिसरीत असताना एकदा रात्री जेवताना त्याने "बाई, भाजी वाढा," असं म्हटलं. ललिताने ते दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये हसत हसत सांगितलं. आम्हीही हसलो. चौथीच्या दिवाळीपर्यंत घरात आई हा शब्द बंद झाला होता आणि ती हसत सांगायची थांबली होती.

हा मुलगा लबाड नव्हता, हट्टी नव्हता, रुसलेलाही नव्हता. तसं असतं तर बरं झालं असतं, रुसवा काढता येतो. तो अतिशय शहाणा विद्यार्थी होता. दर रविवारी सकाळी कॉम्प्युटरच्या पडद्यावर सुखदेव दिसायचा, आवाज अडकायचा, चेहरा थिजायचा, आणि चेतन त्या थिजलेल्या चेहऱ्याला भडाभडा "बाबा, बाबा" म्हणत आठवड्याचं सगळं सांगायचा. मागे खुर्चीवर बसलेल्या ललिताकडे वळून मध्येच विचारायचा, "बाई, परवा आपण काय केलं?" मला हे तिनेच सांगितलं. सांगताना म्हणाली, "जो समोर नाही त्याला बाबा, आणि मी समोर असून मला बाईच म्हणून राहिला." चिडली की तिची भंडाऱ्याची बोली वर येते. तेव्हा ती चिडलेली नव्हती.

दोन हजार दहाच्या एप्रिलमध्ये चेतन चौथी पास झाला. पाचवीसाठी त्याला मंडईजवळच्या एका मोठ्या शाळेत प्रवेश मिळाला. निकालाच्या दिवशी रिकाम्या वर्गात तक्ते उतरवताना ललिता मला म्हणाली, "आता मी त्याची बाई नाही. दीड महिना आहे माझ्याकडे. जूनमध्ये तो नवीन शाळेत जाईल तेव्हा मला आई म्हणत जाईल."

"आई म्हणायला लावणं म्हणजे पाढे पाठ करून घेणं नव्हे, ललिता," मी म्हटलं.

"मला पाढेच शिकवता येतात," ती म्हणाली.

तिने खरंच मन लावून सुट्टी मांडली. पहाटे उठवायचं नाही, शुद्धलेखन नाही, दुपारी पत्ते, संध्याकाळी बागेत. तिने त्याला एकदा समोर बसवून सरळ सांगूनही पाहिलं. "चेतन, शाळा संपली. आता मी तुझी बाई नाही. आता मला आई म्हणायचं. कळलं?"

"हो बाई," तो म्हणाला.

त्यात पहिलीची भरती आली. मे महिन्यात महापालिकेच्या शिक्षकांना सुट्टी असते असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्याबरोबर एकदा भर उन्हात वस्तीतून फिरावं. चौथी बाहेर पडली की ललिताने पुन्हा पहिलीपासून सुरुवात करायची, आणि पहिलीला मुलं मिळाली नाहीत तर वर्ग बंद, बाई दुसऱ्या शाळेत. म्हणून ती निघाली. चेतनला घरी एकटं कुठे ठेवणार, तोही बरोबर. दर दारात "या बाई, बसा बाई, पाणी घ्या बाई." इकडे पोराच्या कानावर दुसरं काय पडणार? एका घरी आजीबाईंनी त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, "ह्यो कोन?" ललिता काही बोलायच्या आत तो म्हणाला, "मी बाईंच्या शाळेत होतो. शाळा चांगली आहे." आजीबाईंनी नातवाचं नाव लगेच लिहून दिलं. ललिताला त्या दिवसातलं ते पहिलं नाव मिळालं आणि बाहेर येऊन तिने यादीची वही माझ्या हातात दिली, पुढची दारं मला वाजवायला लावली.

जूनच्या सुरुवातीला दोघं अप्पा बळवंत चौकातून पुस्तकं घेऊन आली. वह्या, कंपास, खाकी कागद, नावाच्या चिठ्ठ्या. कव्हरं आपण घालायची, असं ललिताने आधीपासून ठरवलं होतं. तिच्या आईने तिला कधी घालून दिली नव्हती, आई शेतावर असायची. चार वर्षं वर्गात तिने मुलांना आपापली कव्हरं आपण घालायला शिकवली होती आणि चेतनलाही त्यांच्यातच बसवलं होतं. या वर्षी शेजारी बसून, त्याला बोलतं करत, एकेक पुस्तक आपण करायचं असं तिच्या मनात होतं. मध्ये शाळेत एक मीटिंग निघाली. ती परत आली तर चेतनने सगळी कव्हरं घालून, कोपरे दुमडून, चिठ्ठ्या लावून पुस्तकं उंचीप्रमाणे रचून ठेवली होती. उरलेल्या कागदाच्या पट्ट्या वेगळ्या, कात्री जागेवर. तो उभा राहिला आणि म्हणाला, "झालं, बाई. तपासा."

"मी तपासली," ललिता मला म्हणाली. "एक चूक नव्हती हो. मग मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. त्याला डबा भरता येतो, बूट पॉलिश येतं, बटण लावता येतं. सगळं मीच शिकवलं. आता मला करायला काय ठेवलं मी?"



दोन्ही शाळा एकाच दिवशी उघडणार, पंधरा जूनला. शिक्षकाच्या घरी ही अडचण दरवर्षीचीच असते, आपलं मूल पहिल्या दिवशी शाळेत जातं तेव्हा आपण दुसऱ्यांच्या मुलांच्या हातात फुगे देत असतो. चेतनची अडचण चार वर्षं नव्हती, कारण तो त्या दुसऱ्यांच्या मुलांतच उभा असायचा. आता व्हॅनवाले काका त्याला नेणार होते. ललिता म्हणाली, "नाही, मी सोडायला जाणार." मुख्याध्यापकांनी आधी नियम सांगितले, मग पाहुणे येणार आहेत म्हणून सांगितलं. मी त्यांना म्हटलं, "पहिलीची पोरं मी बसवते. पाहुण्यांना फूल कुणी दिलं ते कळत नाही, फूल मिळालं की झालं." त्यांनी दहा वाजेपर्यंतची सवलत दिली.

आदल्या दिवशी संध्याकाळी ललिता माझ्या घरी आली. म्हणाली, "दामलेबाई, पालक काय नेसतात?" मी हसणार होते, पण तिचा चेहरा पाहून हसले नाही. ही बाई दहा वर्षं शाळेत जात होती आणि पालक म्हणून एकदाही गेली नव्हती. पालकसभा घेतलेली, पालकसभेला बसलेली कधीच नाही. आम्ही बराच खल करून तिचा निळा पंजाबी ड्रेस ठरवला, ज्यात तिला शाळेत कुणी कधी पाहिलं नव्हतं. जाताना दारात थांबून म्हणाली, "तिथे मला कुणी ओळखत नाही. तिथे मी नुसती आई."

पंधरा तारखेला बसने दोघं गेली. गर्दीत चेतन खिडकीशी बसला, ती दांड्याला धरून उभी. उतरल्यावर त्याने स्वतःहून तिचा हात धरला, कारण रस्ता मोठा होता. मला हे सांगताना तिने तो हात कसा धरला ते आपल्याच हातावर दाखवलं. गेटावर आयांची ही गर्दी. कुणी टाय नीट करतंय, कुणी पाण्याची बाटली विसरली म्हणून पोराला रागावतंय. ललिता त्या गर्दीत शिरली आणि तिला फार बरं वाटलं. पहिल्या दिवशी पालकांना वर्गापर्यंत जायला मुभा होती. दोघं गेटातून आत गेली.

आत गेल्यावर चेतनने तिचा हात सोडला. तिला वाटलं, दप्तर सावरायला सोडला असेल.

पाचवीच्या दारात एक तरुण सर यादी घेऊन उभे होते. हसऱ्या चेहऱ्याचे, बोलके. नाव विचारलं, चेतनने पूर्ण नाव खणखणीत सांगितलं. "वा," सर म्हणाले. "आणि सोडायला कोण आलंय? ह्या कोण तुझ्या?"

चेतनने इकडेतिकडे पाहिलं. मागे गेट होतं, पुढे वर्ग, फळा, बाकं, बाकांवर मुलं. मग तो ललिताजवळ सरकला, मान वर केली आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात विचारलं, "सांगू का, बाई?"

ललिता मला म्हणाली की त्या क्षणी आपल्याला सगळं दिसलं. मुलगा तिला विसरला नव्हता, दुरावला नव्हता. तिने सांगितलेली एक गोष्ट तो चार वर्षं जिवापाड सांभाळत होता, आणि तिने ती मागे घेतली आहे हे त्याला अजूनही खरं वाटत नव्हतं.

"सांग," ती म्हणाली.

तो दोन पावलं पुढे झाला, हात बाजूला सरळ ठेवले आणि उत्तर द्यावं तसं म्हणाला, "ही माझी आई आहे, सर."

"मग ते त्यांना विचारायचं कशाला?" सर हसले. मागच्या दोन आयाही हसल्या. चेतनला आपलं काही चुकलं का ते कळेना, म्हणून त्याने पुन्हा ललिताकडे पाहिलं. तिने मान हलवली, बरोबर आहे म्हणून. तो आत जाऊन रिकाम्या बाकावर बसला.

ललिता दहाच्या आधीच शाळेत पोचली. निळा ड्रेस पाहून मुख्याध्यापकांच्या कपाळाला आठी पडली. मधल्या सुट्टीत तिने मला हे सगळं सांगितलं, खिडकीकडे बघत, रडली नाही. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. मी म्हटलं, "म्हणजे शेवटी म्हणाला ना आई?"

"म्हणाला," ललिता म्हणाली. "परवानगी दिल्यावर."

तेवढ्यात पहिलीतलं एक पोर घरी जायचं म्हणून मोठ्याने रडायला लागलं. ती डबा झाकून उठली आणि वर्गात गेली.