घरामागची विहीर
परवा गावाहून परतले, पाणी राहिलेल्या तांब्याच्या हंड्याचं झाकण काढलं आणि त्या हिरवट, कुबट वासासरशी राणीसावरगावची विहीर आठवली. पन्नासेक वर्षं झाली. मी नवी सून, कडक उन्हाळा. घरामागे विहीर असून आम्ही डोक्यावर घागरी घेऊन कोसभर चालायचो. "आत्याबाई, ही का नको?" मी सासूबाईंना विचारलं. "वास येतोय तिला, कुणी शेंदत न्हाई." "वास कशानं येतो?" "कुणी शेंदत न्हाई म्हणून की!" मला हसू आलं आणि संतापही. थोरल्या जावेला म्हटलं, "आपण दोघीच उपसू." "येडी हाईस का गं?" म्हणत तिनं पदर खोचला आणि दोर धरला. तीन दिवस आम्ही पोहऱ्यामागून पोहरा लिंबाच्या बुडात ओतला, तळहात सोलवटले. चौथ्या दिवशी सासूबाईंनी ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं आणि आपली घागर पुढे केली. त्याच जावेशी आता सहा वर्षं माझं बोलणं नाही. ती फोन करत नाही म्हणून मी करत नाही. हंडा मोरीत पालथा केला, ओल्या हातानंच तिचा नंबर लावला, माझं नाव सांगितलं. पलीकडून तोच आवाज, "येडी हाईस का गं? इतके दिस लावलेस!"